आपलीच बाई, पण वकील कुणाची?

निवडणुका जवळ आल्या की आपल्या बैठकांत एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘निदान बाई तरी निवडून येऊ दे.’ मीही ते म्हटलेलं आहे. १९९३ साली ७४वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि नगरपालिकांत एक तृतीयांश जागा बायकांसाठी राखीव झाल्या. २०११ मध्ये महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. या जागांसाठी चळवळ भांडली हे योग्यच झालं. पण बाई खुर्चीवर बसल्यावर तिच्याशी आपलं नातं काय असावं, याचा विचार आपण फारसा केला नाही. तो करायचा तर अमेरिकेतल्या शिकागो शहराच्या माजी महापौर लोरी लाइटफुट यांची कारकीर्द नीट पाहायला हवी.

लाइटफुट यांचा जन्म १९६२ सालचा, ओहायो राज्यातल्या एका गरीब काळ्या कुटुंबातला. आई आजारी माणसांची शुश्रूषा करायची, वडील मिळेल ते काम करायचे. मुलगी शिष्यवृत्तीवर शिकली आणि १९८९ मध्ये वकील झाली. सरकारी वकिली केली, मोठ्या कंपन्यांची वकिली केली, पोलिसांविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या कार्यालयाची प्रमुख झाली.

२०१४ च्या ऑक्टोबरमध्ये शिकागोच्या एका पोलिसाने लाक्वान मॅकडोनल्ड या १७ वर्षांच्या काळ्या मुलाला १६ गोळ्या घातल्या. त्याची चित्रफीत १३ महिने दडवून ठेवली गेली आणि शेवटी कोर्टाच्या हुकुमाने बाहेर आली. शहर पेटून उठलं. तेव्हा नेमलेल्या चौकशी गटाच्या लाइटफुट अध्यक्ष होत्या. एप्रिल २०१६ च्या त्यांच्या अहवालाने पोलीस खात्यातल्या वंशद्वेषाला आडपडदा न ठेवता नाव दिलं. २००८ ते २०१५ या काळात पोलिसांच्या गोळ्या लागलेल्या ४०४ जणांपैकी ७४ टक्के काळे होते. शहरात काळ्यांची वस्ती साधारण एक तृतीयांश.

या कामाच्या बळावर त्या एप्रिल २०१९ मध्ये महापौरपदी निवडून आल्या. शहरातले सगळे ५० वॉर्ड त्यांनी जिंकले. शिकागोची पहिली काळी स्त्री महापौर आणि समलिंगी असल्याचं उघडपणे सांगणारी पहिली महापौर. आपल्याकडे महापौराच्या हाती फार अधिकार नसतात, कारभार आयुक्त चालवतात. तिथे मात्र पोलीसप्रमुख आणि शहराचा मुख्य वकील महापौरच निवडतो.

त्यांनी चांगली कामं केली, हे आधी सांगायला हवं. ग्रंथालयांचे उशिराचे दंड बंद केले. किमान वेतन तासाला १५ डॉलरपर्यंत नेण्याचा निर्णय लवकर अमलात आणला. पण हॉटेलांत बक्षिसीवर राबणाऱ्यांना त्यातून वगळून त्यांचा दर कमीच ठेवला, आणि या कामात बायकाच जास्त आहेत.

खरी कसोटी मात्र दुसऱ्याच प्रकरणात लागली. फेब्रुवारी २०१९ मध्ये, म्हणजे त्या महापौर होण्याआधी, पोलिसांनी चुकीच्या पत्त्यावर एका घराचं दार फोडलं. आत एक काळी समाजसेविका एकटीच होती, कपडे बदलत होती. तिला विवस्त्र अवस्थेत बेड्या घातल्या. ‘तुम्ही चुकीच्या घरात आला आहात’ हे तिने किमान ४३ वेळा सांगितलं. पुढे तिने त्या छाप्याची चित्रफीत मागितली, तर पोलीस खात्याने ती नाकारली. शेवटी कोर्टात जाऊन तिने ती मिळवली. डिसेंबर २०२० मध्ये एका दूरचित्रवाणी वाहिनीने ती दाखवायची ठरवली, तेव्हा ती दाखवू नये म्हणून शहराचे वकील कोर्टात धावले. लाइटफुट आधी म्हणाल्या, मला हे प्रकरण आत्ताच कळलं. मग उघड झालं की नोव्हेंबर २०१९ मध्येच त्यांना ते कळवलेलं होतं. त्यांनी माफी मागितली, शहराचे मुख्य वकील पायउतार झाले. २०२१ च्या अखेरीस त्या बाईला २९ लाख डॉलर भरपाई मंजूर झाली.

हे वाचताना माझा जीव गलबलला. ती माझ्याच कामातली बाई. आणि चित्रफीत दडवण्याविरुद्धच्या संतापातून जिचं नाव झालं, तिच्याच कारभारात चित्रफीत दडवायला वकील उभे राहिले.

लाइटफुट ढोंगी होत्या, असं मला वाटत नाही. वकिलाला एक सवय लागलेली असते : अशिलाला वाचवायचं. खुर्चीवर बसल्यावर अशील कोण? महापालिका नावाची संस्था, की तिच्यामुळे चिरडली गेलेली बाई? हे जाणीवपूर्वक ठरवलं नाही, तर संस्था आपोआप अशील बनते. मग आपली बाईही तिचीच वकिली करू लागते.

फेब्रुवारी २०२३ च्या निवडणुकीत लाइटफुट तिसऱ्या क्रमांकावर फेकल्या गेल्या. काळी स्त्री म्हणून त्यांना वेगळी फूटपट्टी लावली गेली, हे खरंच आहे. पुरुषाचा तापटपणा खंबीरपणा ठरतो, बाईचा आक्रस्ताळेपणा. तो अन्याय आपण बोलून दाखवायलाच हवा. पण त्याची ढाल करून त्या समाजसेविकेचा प्रश्न झाकायचा नाही.

आपल्या गावातही असंच चालतं. फेरीवाल्या बायका, कंत्राटी सफाई कामगार, झोपडी पाडलेल्या बायका कोर्टात जातात, तेव्हा समोर महापालिकेचा वकील उभा असतो. तो काय मांडतो, हे आपण निवडून दिलेल्या नगरसेविकेला अनेकदा ठाऊकही नसतं. म्हणून माझी सूचना अशी : सत्कार जरूर करूया, पण त्याच दिवशी तिच्या हातात एक प्रश्न लेखी देऊया. ‘ताई, तुमच्या महापालिकेच्या नावाने बायकांविरुद्ध कोर्टात काय मांडलं जातंय?’ आणि दर तीन महिन्यांनी उत्तर मागायला जाऊया. ती एकटी पडू नये म्हणूनही जायचं, आणि ती आपल्याला विसरू नये म्हणूनही.