प्रशिक्षकाचे मोजमाप शिष्यांवरून व्हावे

फुटबॉल प्रशिक्षकाची थोरवी चषकांवरून ठरवायची सवय आपल्याला लागली आहे आणि त्यामुळेच पीटर मॅकविल्यम हे नाव मागे पडले. इन्व्हरनेसला १८७९ मध्ये जन्मलेले हे स्कॉटिश हाफबॅक न्यूकॅसलच्या सुवर्णकाळाचे शिलेदार होते. १९०५, १९०७ आणि १९०९ ची लीग विजेतेपदे आणि १९१० चा एफए कप त्यांनी संघासोबत जिंकला. १९११ मध्ये वेल्सविरुद्ध झालेल्या दुखापतीने खेळ संपला. मग १९१३ पासून टॉटनहॅमची धुरा सांभाळताना त्यांच्या नावावर मोठे यश जमा झाले ते एकच, १९२१ चा एफए कप. पुढे मिडल्सब्रोला गेल्यावर तर पहिल्याच पूर्ण हंगामात संघ खालच्या श्रेणीत घसरला. चषकांच्या हिशेबात ही कारकीर्द मध्यमच ठरते.

पण त्यांच्या हाताखालून गेलेल्यांकडे पाहा. चेंडू लांब भिरकावण्यापेक्षा जमिनीवरून जवळच्या सहकाऱ्याकडे द्यावा आणि लगेच मोकळ्या जागेत धावावे, हा धडा टॉटनहॅममध्ये गिरवलेल्या आर्थर रो यांनी १९५१ मध्ये क्लबला पहिले लीग विजेतेपद मिळवून दिले. १९३८ मध्ये मॅकविल्यम टॉटनहॅमला परतले, तेव्हा बिल निकोल्सन आणि विक बकिंगहॅम तिथे तरुण खेळाडू होते. निकोल्सन यांनी १९६१ मध्ये लीग आणि कप एकाच हंगामात जिंकून दाखवले. बकिंगहॅम यांनी १९६४ मध्ये अयाक्समध्ये योहान क्रायफला पदार्पणाची संधी दिली आणि पुढे बार्सिलोनाचे प्रशिक्षकपदही भूषवले.

यावर आक्षेप येतील. पासिंगचा खेळ मॅकविल्यम यांनी शोधला नव्हता, तो स्कॉटलंडमध्ये आधीपासून रुजला होता. शिवाय शिष्यांनी स्वतःची बुद्धी वापरलीच. दोन्ही गोष्टी मान्य आहेत. परंतु परंपरा आपोआप पुढे सरकत नाही. कुणीतरी ती सरावाच्या मैदानावर रोज शिकवावी लागते, हरल्यावरही सोडायची नाही असे ठरवावे लागते. एकाच प्रशिक्षकाकडे शिकलेले तिघे पुढे स्वतंत्रपणे संघ उभे करतात आणि तिघांचाही भर चेंडू खेळता ठेवण्यावर असतो, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे.

निकालांना महत्त्व आहेच, संघ जिंकावा म्हणूनच प्रशिक्षक नेमला जातो. मात्र निकाल हंगामापुरता असतो, तर शिकवण खेळाडूच्या सोबत निवृत्तीनंतरही राहते. म्हणून चार सामने हरताच प्रशिक्षक बदलणाऱ्या क्लबांनी त्याच्याकडून संघातले तरुण काय शिकले, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.