घरच्याच राज्यातील स्थलांतरित

नाताळापूर्वी सलग नऊ दिवस फिलिपिनो कॅथलिक भाविक ‘सिम्बांग गाबी’ या मिस्सांना जमतात. मायदेशी त्या पहाटे होतात. अमेरिकेत नोकरीच्या वेळा सांभाळून अनेक धर्मग्रामांत सायंकाळी होतात. वेळ बदलली, नोव्हेना सुटली नाही. 1934 च्या अमेरिकन कायद्याने या समाजाला वर्षाकाठी अवघ्या 50 जणांचा प्रवेश ठेवला होता. 1965 च्या कायद्याने दार उघडले आणि परिचारिका, डॉक्टर मोठ्या संख्येने गेले. त्यांच्यासाठी वेगळा धर्मप्रांत झाला नाही. स्थानिक धर्मग्रामातच त्यांनी आपली भाषा व रीत रुजवली.

हे स्मरण आम्हांस नवी मुंबईमुळे झाले. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि 95 गावांच्या जमिनींवर हे शहर आखले गेले. (त्या जमिनींच्या मोबदल्यासाठी जानेवारी 1984 मध्ये पाच आंदोलकांनी प्राण गमावले, हे येथे घर घेणाऱ्या आपणांपैकी किती जणांस ठाऊक आहे?) 1973 मध्ये खाडीपूल झाला, 1992 मध्ये वाशीपर्यंत लोकल आली, आणि केरळ, गोवा, मंगळूर, वसई अशा ठिकाणांहून आलेली कॅथलिक कुटुंबे शेजारी झाली.

सिरो-मलबार बांधवांसाठी पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1988 साली कल्याण धर्मप्रांत स्थापन केला. त्यांचा उपासनाविधी स्वतंत्र व प्राचीन असल्याने तो त्यांचा हक्कच होता. त्याविषयी आमची तक्रार नाही.

मराठी भाविकाची अडचण निराळी आहे. तो लॅटिन विधीचा, मुंबई महाधर्मप्रांतातला, शिवाय महाराष्ट्रातलाच. त्यामुळे त्याला कोणी स्थलांतरित मानत नाही. वसईत मराठीतून प्रार्थना करीत आयुष्य घालवलेली आजी मुलाबरोबर नेरुळला किंवा बेलापूरला येते आणि इंग्रजी मिस्सेत मुकाट बसते. नातवंडांना तिची प्रार्थना परकी वाटू लागते. दोष कोणा धर्मगुरूंचा म्हणावा, तर आपण त्यांच्याकडे मागणी तरी कोठे नेतो? इंग्रजी येते हे दाखविण्याची हौस आपल्यालाच अधिक.

येत्या नाताळच्या नोव्हेनेतील एक सायंकाळ मराठीत व्हावी, एवढी विनंती धर्मग्राम परिषदेपुढे ठेवता येईल. वाचने आपण करावीत, गायनवृंदात मल्याळी व कोकणी तरुणांना बोलवावे आणि पहिल्या बाकावर आजीला बसवावे.