पत्राचा गुन्हा की आळीचा?

आमच्या माजघरातला जुना संगणक हेच आमचे ई-टपालघर. येणारी पत्रे बिनबोभाट येतात. जाणारी मात्र ‘५५०’ हा आकडा कपाळी घेऊन परत! आमच्या नावाने पत्रे कोणत्या यंत्राने धाडावीत, हे आम्ही एसपीएफच्या नोंदीत जाहीर केले. प्रत्येक पत्रावर डीकेआयएमची सही उमटवली. तरी नकारच! का, तर आमचा आयपी पत्ता घरगुती जोडणीचा. असे पत्ते घाऊक यादीत घातलेले; तिथून आलेले पत्र उघडण्याआधीच फेटाळायचे. शिवाय त्या आकड्यावरून उलट नाव शोधले, तर निघते जोडणी देणाऱ्या कंपनीचे! ती नोंद बदलणे तिच्याच हाती. विनंती केली, तर म्हणे, “व्यापारी जोडणी घ्या.” वा रे न्याय!

घरोघरच्या बाधित यंत्रांतून कचरापत्रांचे लोंढे सुटतात, हे खरे. पहारा हवाच, वाचकहो. पण १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपीचे नियम लिहिले, त्यांत पत्र देणारा लहान की मोठा, ही चौकशी नव्हती. आज ताईला भाऊबीजेचे चार शब्द धाडायचे, तरी एखाद्या बड्या पेढीची ओसरी गाठावी लागते. फेटाळायचे तर खुशाल फेटाळा. पण आमचे पत्र पाहून! आणि दाद कुणाकडे मागायची, तेवढे त्या ‘५५०’पुढे स्पष्ट लिहा.