ताळेबंदाखालची टीप

गेल्या वर्षी नांदगाव पेठेतील आमच्या एका नातलगाच्या मुलीस डाव्या डोळ्याने अंधूक दिसू लागले. वय सव्वीस, दुकानाच्या जीएसटीचे सारे काम तिच्याकडे. तीन आठवड्यांत दृष्टी परतली आणि घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. सहा महिन्यांनी पायांना बधिरता आली. अमरावतीस मेंदूचा एमआरआय काढला, तेव्हा ‘मल्टिपल स्क्लेरोसिस’ हे नाव आम्ही प्रथम ऐकले. त्यावर तिच्या आजीचा पहिला उद्गार होता, ‘‘बाहेर बोलू नका, स्थळे यायची बंद होतील.’’

या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवरील मायलिन नावाच्या आवरणावर हल्ला करते. विजेच्या तारेवरील वेष्टन जागोजागी खरवडले जावे, तसे. झटका येतो, ओसरतो, पुन्हा येतो. फ्रान्समध्ये शार्को यांनी 1868 साली त्याचे सविस्तर वर्णन केले होते. तरीही हा थंड देशांतील गोऱ्या लोकांचा आजार, असाच समज आपल्याकडे दीर्घकाळ होता.

तो समज तपासून पाहणाऱ्यांत मुंबईच्या बॉम्बे हॉस्पिटलमधील मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. भीमसेन सिंघल हे ठळक नाव. 1980 च्या दशकाच्या मध्यास त्यांनी भारतातील प्रमाण लाखामागे सुमारे 1.33 असे अंदाजिले. त्याच शहरात डॉ. नोशीर वाडिया यांनी पारशी समाजाची पाहणी केली आणि तेथे हे प्रमाण कितीतरी अधिक असल्याचे 1990 साली दाखवून दिले. पुढे एमआरआय यंत्रे वाढली आणि पूर्वी नजरेतून सुटणारे रुग्ण सापडू लागले. सिंघल यांचा नंतरचा अंदाज लाखामागे सात ते दहा असा आहे. आजार एवढा वाढला असे मला वाटत नाही. पाहण्याचे साधन आले, हे मोठे कारण असावे.

परंतु व्यापारी घरांनी सिंघल यांच्या ज्या कामाची आवर्जून माहिती घ्यावी, ते निराळेच आहे. काही बालकांचे डोके पहिल्या वर्षातच प्रमाणाबाहेर वाढे. चालणे उशिरा येई, पुढे तोल जाई, फिट्स येत. एमआरआयमध्ये मेंदूचा शुभ्र भाग सर्वत्र बिघडलेला आणि कानशिलाकडील भागात पाण्याच्या गाठी दिसत. चित्र इतके भयंकर, आणि मूल मात्र समोर हसतखेळत उभे! सिंघल व त्यांच्या सहकाऱ्यांना या कुटुंबांत एक समान धागा आढळला : ती अग्रवाल समाजाची होती. 1991 साली टोकियोच्या परिषदेत त्यांनी हे मांडले. नेदरलँड्समध्ये डॉ. व्हान डर क्नाप यांनी 1995 साली अशाच बालकांचे वर्णन केले, 2001 मध्ये त्यामागचे जनुक सापडले, आणि 2004 च्या शोधनिबंधात या अग्रवाल रुग्णांत त्या जनुकातील एकच समान बदल असल्याचे सिद्ध झाले. कुणा दूरच्या पूर्वजाकडून तो आलेला असावा.

गोत्र टाळले, म्हणजे रक्त टाळले, हा आपला हिशेब येथे अपुरा पडतो. ज्याच्याकडे असा एकच सदोष जनुक असतो, तो ठणठणीत राहतो. दोन्ही पालक तसे असले, तर मात्र प्रत्येक अपत्यास आजाराची शक्यता चारात एक. बँकेत आम्ही यास ‘संभाव्य दायित्व’ म्हणत असू : ते ताळेबंदाच्या आकड्यांत नसते, खाली टीप म्हणून लिहावे लागते. त्यात कुणाचा दोष नसतो. अग्रवाल काय, आपण काय, पिढ्यान्‌पिढ्या मर्यादित घरांतच सोयरीक करणाऱ्या कोणत्याही समाजात अशा टिपा असतात. त्या दडवणाऱ्या घरांमुळेच डॉक्टरांना धागा उशिरा सापडतो.

मल्टिपल स्क्लेरोसिसचे गणित असे सरळ नाही. तो पालकांकडून अपत्याकडे ठरावीक हिशेबाने जात नाही. जवळच्या नात्यात शक्यता काहीशी वाढते, एवढेच. झटके कमी करणारी औषधे आज मिळतात, लवकर सुरू केल्यास लाभ अधिक, आणि या आजाराच्या स्त्रियांना मातृत्वही वर्ज्य नाही. हे सारे मी आजीबाईंना समजावले. त्यांनी शांतपणे ऐकले व म्हणाल्या, ‘‘समोरच्यांना कोण समजावणार?’’

ते मुलीनेच केले. परिचयपत्रकात शेवटी दोन ओळी स्वतःच्या हाताने लिहिल्या. एक स्थळ तत्काळ परत गेले. दुसऱ्या घरच्या मुलाने अकोल्याहून दूरध्वनी करून औषधाचे नाव विचारून घेतले. पुढील महिन्यात दोन्ही घरची मंडळी तिच्या डॉक्टरांना एकत्र भेटणार आहेत. आजीबाईही जाणार म्हणतात.