तेरा हंगामांची मुभा फक्त पॅट समिट यांनाच का?

नॉक्सविलमध्ये बास्केटबॉलचा विषय निघाला की पाच मिनिटांत पॅट समिट यांचं नाव येतं. यायलाच हवं. इथल्या टेनेसी विद्यापीठाच्या महिला संघाला त्यांनी प्रशिक्षक म्हणून ३८ वर्षं घडवलं. १,०९८ विजय, आठ राष्ट्रीय विजेतेपदं. त्यांच्याकडे पूर्ण मुदत खेळलेली प्रत्येक मुलगी पदवी घेऊनच बाहेर पडली. नवऱ्याच्या ओक रिजच्या नोकरीमुळे मी नागपूरहून इकडे आले. मीही कॉलेजच्या संघातून खेळलेली. आमचे सामने बघायला मैत्रिणी आणि एखादीचे वडील, एवढीच माणसं असायची. इथे मुलींच्या सामन्याला हजारो लोक नारिंगी कपडे घालून येतात हे पाहून मी अक्षरशः थक्क झाले. ती गर्दी समिट यांनी जमवली, याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे.

पण त्यांच्या जागी आलेल्या बायकांना या विद्यापीठानं जशी वागणूक दिली, ती मला मान्य नाही.

हॉली वॉर्लिक समिट यांच्याच संघातून खेळल्या, पुढे २७ वर्षं त्यांच्या सहायक होत्या. ऑगस्ट २०११ मध्ये समिट यांनी आपल्याला स्मृतिभ्रंश झाल्याचं जाहीर केलं, तेव्हा त्या ५९ वर्षांच्या होत्या. त्या हंगामातलं बरंचसं काम वॉर्लिक यांनीच ओढलं आणि एप्रिल २०१२ मध्ये सूत्रं त्यांच्याकडे आली. पहिल्याच हंगामात त्यांनी साउथईस्टर्न कॉन्फरन्सची साखळी जिंकली. पहिल्या चार हंगामांत संघ तीनदा देशातल्या शेवटच्या आठांत पोहोचला. ही चार वर्षं म्हणजे आपली गुरू दिवसेंदिवस विझत जाताना पाहण्याची वर्षं होती. जून २०१६ मध्ये समिट गेल्या. त्या काळात वॉर्लिक यांनी संघ उभा ठेवला, हीच मला मोठी गोष्ट वाटते. सात हंगामांत १७२ विजय मिळवूनही २०१९ मध्ये त्यांना काढलं गेलं. मग केली हार्पर आल्या, १९९६ ते १९९८ या सलग तीन विजेतेपदांच्या संघातल्या पॉइंट गार्ड. त्यांना पाच हंगाम मिळाले. त्यांतल्या दोनदा संघ शेवटच्या सोळांत होता.

आता समिट यांची सुरुवात पाहा. १९७४ मध्ये त्या २२ वर्षांच्या होत्या, पगार महिन्याला २५० डॉलर. खेळाडूंचे कपडे त्याच धुवायच्या, व्हॅनही त्याच चालवायच्या. पहिला सामना मर्सर विद्यापीठाविरुद्ध एका गुणानं हरल्या. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद आलं १९८७ मध्ये, तेराव्या हंगामात! कोणी म्हणेल, त्याआधीही त्या अंतिम टप्प्यापर्यंत अनेकदा धडकल्या होत्या. खरं आहे. पण तेव्हा महिला संघावर गंभीरपणे पैसा घालणारी विद्यापीठं मोजकीच होती. समिट यांच्या यशामुळेच इतरांना या खेळाची किंमत कळली आणि त्यांनी तिजोऱ्या उघडल्या. त्यांच्या वारसदारांसमोर उभे आहेत ते हेच प्रतिस्पर्धी. शिवाय आता खेळाडू दरवर्षी विद्यापीठ बदलू शकतात, त्यांना पैसेही मिळतात. चार वर्षं एका मुलीला घडवण्याची समिट यांची पद्धत त्यांच्यानंतर कोणाच्या हाती राहिलेली नाही.

यावर मला सर्वांत बोलकं उदाहरण वाटतं ते साउथ कॅरोलायना विद्यापीठाचं. डॉन स्टेली २००८ मध्ये तिथे आल्या आणि पहिल्या हंगामात १० सामने जिंकून १८ हरल्या. दुसऱ्या हंगामातही विजयांपेक्षा पराभवच जास्त. टेनेसीत असं झालं असतं तर काय झालं असतं याची मला कल्पना करवत नाही. विद्यापीठ थांबलं. पहिलं विजेतेपद २०१७ मध्ये, नवव्या हंगामात आलं. नंतर २०२२ आणि २०२४ मध्येही.

स्टॅनफर्डमध्ये हीच कसोटी आता सुरू झाली आहे. टारा वॅनडरव्हीर १,२१६ विजयांनिशी २०२४ मध्ये निवृत्त झाल्या आणि त्यांच्याच शिष्या केट पे यांच्या पहिल्या हंगामात संघ १९८७ नंतर प्रथमच राष्ट्रीय स्पर्धेबाहेर राहिला. तिथल्या लोकांनी नॉक्सविलकडे पाहून धडा घ्यावा, अनुकरण करू नये.

२०२४ मध्ये टेनेसीनं समिट यांच्या परंपरेबाहेरच्या किम कॉल्डवेल यांना आणलं. त्या पाचच्या पाच खेळाडू एकदम बदलतात, संपूर्ण मैदानभर प्रतिस्पर्ध्यावर दबाव टाकतात. समिट यांच्या संघासारखं त्यात काहीच नाही आणि असायचं कारणही नाही. पहिल्याच वर्षी त्यांनी कनेक्टिकटला हरवलं आणि संघ शेवटच्या सोळांत नेला. माझी विनंती इथल्या चाहत्यांना आणि विद्यापीठाला आहे: एखादा हंगाम वाईट गेला म्हणून १९९८ ची आठवण काढून त्यांच्यावर तुटून पडू नका. साउथ कॅरोलायनानं स्टेली यांना नऊ हंगाम दिले. टेनेसीनं कॉल्डवेल यांना किमान तेवढे द्यावेत.