चतुःसीमेतली चार माणसं आणि मंगल कार्यालयातली चारशे



अंजिराची तोडणी चालू आहे, म्हणून आठ दिवस पेजवर काही टाकलं नाही. आजचं लिहिणं अंजिरावर नाही. व्हॉट्सअपच्या तीन ग्रुपवर एकच जाहिरात आली : जमिनीत नव्याने गुंतवणूक करणाऱ्या स्थानिक बांधवांसाठी मार्गदर्शन व ओळख मेळावा. रविवारी, मंगल कार्यालयात, पाचशे रुपये फी, जेवण त्यातच. आधी ओळखी वाढवा, पैसा आपोआप वाढेल, असं खाली लिहिलेलं.

मागच्या वर्षी असल्या एका मेळाव्यात मी भाच्याबरोबर जाऊन बसलो होतो. चारेकशे माणूस असेल. एजंट होते, एजंटाचे एजंट होते, प्लॉटिंगवाला होता, कर्ज करून देणारा होता. कागद तपासून देणारा वकील होता, तो प्लॉटिंगवाल्याचाच. आणि समोर खुर्च्यांवर नवी मंडळी. रिटायर मास्तर, कंपनीतली पोरं, भूसंपादनाचा पैसा आलेले आमच्यासारखेच दोघं-चौघं. तिथं नव्हतं कोण? ज्या गटाची जमीन पडद्यावर दाखवत होते त्या गटाच्या बांधाला नांगर हाकणारा एकही माणूस नव्हता. विकणाऱ्याची बहीण नव्हती. तलाठी, कोतवाल नव्हते. म्हणजे जमिनीला ओळखणारे सगळे बाहेर, आणि आत चाललेल्या ओळखी.

माझं म्हणणं एवढंच आहे की नव्या माणसाला ओळखी पाहिजेतच, पण ह्या नाही. तुम्ही जे खरेदीखत करणार त्यात चतुःसीमा लिहिलेली असते. पूर्वेला अमुक गट, पश्चिमेला तमुक. ती चार माणसं ही तुमची पहिली ओळख. फी नाही, एक चहा. टोकन द्यायच्या आधी त्या चौघांकडं जाऊन बसणारा गिऱ्हाईक मी तीस वर्षांत बोटांवर मोजण्याइतका बघितला.

त्यांना काय विचारायचं? वाट कुठनं आहे ते विचारा. गट नकाशात रस्ता आहे का नुसता वहिवाटीचा आहे. एजंटच्या रंगीत नकाशात तीस फुटी रस्ता असतो आणि गट नकाशात तिथं माझ्या चुलत्याचा बांध असतो. विहिरीत कुणाकुणाचा हिस्सा आहे, पाळी कुणाची, पाईपलाईन कुठनं गेली. आणि पाऊस पडला की पाणी कुठं तुंबतं. जमीन तुम्हाला दाखवतात एप्रिल-मेमध्ये, ओढा कोरडा असताना. श्रावणात या की. २०१९ च्या सप्टेंबरात कऱ्हेला पूर आला तेव्हा पाणी कुठवर चढलं हे कुठल्याच सातबाऱ्यावर नाही, पण काठावरच्या म्हातारीला ते इंचावर माहिती आहे.

आमच्याकडं काय झालं ते सांगतो. ओढ्याकडं जायची गाडीवाट आम्ही चार घरं आजोबांपासून वापरतोय. वरचा गट प्लॉटिंगवाल्यानं घेतला, गुंठा-गुंठा विकला. कोपऱ्याचा तुकडा एका रिटायर एसटी ड्रायव्हरनं घेतला, फंडाच्या पैशातनं. एजंटानं त्याला सांगितलं, ही वाट तुमच्याच जागेत आहे, तार ओढून घ्या. त्यानं ओढली. ऐन तोडणीत आमचे क्रेट डोक्यावरनं वाहायची वेळ आली. तहसीलदाराकडं मामलेदार कोर्ट अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली दावा घातलाय. (सहा महिन्यांच्या आत घालावा लागतो, कुणावर वेळ आली तर ध्यानात ठेवा.) आता मीही वकिलाला पैसे देतो, तोही देतो. तारखेला भेटला की म्हणतो, दादा मला कुणी सांगितलंच नाही. खरंय त्याचं. मला त्याचा रागही येतो आणि कीवही येते. एजंटानं दोन्हीकडनं दोन-दोन टक्के घेतले, त्याला तारखेला यावं लागत नाही.

आता कागदाचं. मेळाव्यात यावर तासभर बोलतात पण नेमकं तेवढं सोडून बोलतात.

शेतजमीन घ्यायला माणूस शेतकरी असावा लागतो, नाहीतर कलेक्टरची परवानगी. १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ६३. एजंट म्हणतो, दाखला आपण करून देतो. असला करून दिलेला दाखला उद्या निघाला तर अंगावर तुमच्या येतो, त्याच्या नाही. दुसरं, तुकडेबंदी. कायदा १९४७ चा आहे. २०२३ च्या ऑगस्टपासून आपल्या जिल्ह्यात जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र आहे. मग हे गुंठा-गुंठा विकतात कसं? तर अकरा गुंठ्यांचं एक खत आणि त्यात दहा जणांची नावं. सातबारा सामाईक. तुमचा गुंठा आंब्याखालचा का उकिरड्यावरचा हे तो सातबारा सांगत नाही. दहातल्या एकाचं बिनसलं की मोजणी अडली, वाटप अडलं, बँक दारात उभं करत नाही. शासन अधनंमधनं जुने तुकडे नियमित करायच्या सवलती काढतं. ते झालेल्या व्यवहारांसाठी असतं, नव्यानं करायला परवाना म्हणून नाही. मेळाव्यात मात्र ते तसंच वाचून दाखवतात.

नोटरीवर आणि कुलमुखत्यारपत्रावर जागा देतात ते तर विचारूच नका. २०११ ला सुप्रीम कोर्टानं सूरज लॅम्प खटल्यात सांगून टाकलंय की अशा कागदानं मालकी येत नाही. तरी आमच्या तालुक्यात स्टँपपेपरवर घर बांधलेली माणसं आहेत.

नियोजन क्षेत्रात आठाच्या वर प्लॉट आणि ५०० चौरस मीटरच्या वर जागा असली की महारेराची नोंदणी लागते. जाहिरातीवर नंबर पाहिजे, एजंटाचाही स्वतःचा नंबर पाहिजे. त्या रविवारी पडद्यावर मी नंबर शोधत होतो. जेवणात जिलेबी होती, नंबर नव्हता.

आणि बहिणी. २००५ पासून लेकीचा वडिलोपार्जित जमिनीत मुलाएवढा हक्क आहे. भाऊ एकटा सही करून मोकळा होतो, पैसे घेतो. खरेदीखत झालं म्हणजे नाव लागलं असं नसतं, फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात. तेव्हा बारामतीहून बहीण येते. किंवा पाच वर्षांनी तिची मुलं येतात. ह्या बहिणीचा पत्ता एजंटाच्या ग्रुपमध्ये नसतो, शेजारच्या चुलीवर असतो. आम्हाला माहिती असतं कुणाला किती बहिणी, कुणी हक्कसोड दिली, कुणी रागात दिली नाही.

तीस वर्षांचा सर्च, फेरफार, सातबाऱ्यावरचे इतर हक्क, वर्ग एक का दोन, पुनर्वसनाचा शेरा आहे का, मोजणीची क प्रत. हे करणारा वकील स्वतःच्या पैशानं आणि स्वतःच्या ओळखीनं लावा. प्लॉटिंगवाल्याचा फुकट वकील घेऊ नका, एवढं सांगून पुढं जातो.

विमानतळाचं काढल्याशिवाय तर मेळावा संपतच नाही. २०१६ ला पुरंदरचा विमानतळ जाहीर झाला. पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी, ही सात गावं. मधी जागा दुसरीकडं न्यायची चर्चा झाली, परत इथंच आली. २०२५ च्या मे महिन्यात ड्रोन सर्व्हेला गावकरी आडवे झाले. ज्यांची घरं-विहिरी जाणार त्यांची झोप उडालेली, आणि इकडं हॉलात त्याच नकाशावर लाल गोल काढून टाळ्या पडतात. प्रत्येक जागा विमानतळापासून दहाच मिनिटांवर. ज्या विमानाची धावपट्टी अजून मोजून झाली नव्हती, त्याच्यापासून मिनिटं मोजायची म्हणजे हिशोबाची कमाल झाली.

कुणी म्हणेल, विकता तुम्हीच, मग ओरडता कशाला. विकतो. पोरीचं लग्न, दवाखाना, पाण्याशिवाय जळालेली बाग, कारणं काही कमी नाहीत. मी घेऊ नका म्हणत नाही. सरळ खरेदी करून, मोजून, वाट-पाणी ठरवून आलेला माणूस आम्हाला चालतो. आमच्या खालच्या अंगाला हडपसरचे एक गृहस्थ आहेत, व्यवहाराआधी तीनदा येऊन बांधावर बसले. आज त्यांची सीताफळं आमच्याच टेम्पोत मार्केटला जातात.

राग आहे तो आमच्याच पोरांवर जास्त. दहावी-बारावी झालेली, गळ्यात चेन, भाड्याची गाडी. बाबांनो, तुमचं नेटवर्क म्हणता ते काय आहे? मास्तरांचा विद्यार्थी म्हणून मास्तरांचा फंड, मावशीचा भाचा म्हणून मावशीचे दागिने. ओळख आहे म्हणून माणूस कागद बघत नाही, आणि तेवढ्यावरच तुमचा धंदा चालतो. अनोळखी माणसाला विकायला जाता तेव्हा तो सर्च मागतो, म्हणून तुम्ही स्थानिक बांधव शोधता.

ज्यांनी पाचशे भरलेत त्यांनी जावा, जेवून या. पण तिथं उभं राहून एक विचारा : ह्या गटाच्या चारी बांधांना कोण आहे, नावं सांगा. सांगता आली नाहीत तर टोकन खिशात राहू द्या.

आमच्या शिवारातली जागा कुणी बघत असेल तर मेसेजमध्ये नुसता गट नंबर टाका. लगतचं कोण कसतं, त्यांना कुठं गाठायचं ते सांगतो. पैसे लागत नाहीत. फक्त सकाळी दहापर्यंत फोन करू नका, तोडणीत असतो, आणि वाट बंद असल्यानं क्रेट वाहायला हात मोकळे लागतात.