चहात काय घालायचं?

आमच्या अलिबाग-मुरूडच्या किनारपट्टीवर चहाची चव परसात उगवते. सांडपाण्याच्या कडेला गवती चहाचा ठोंब नाही असं घर विरळाच. पावसाळ्यात पात आणि आलं, थंडीत सुंठ, पाहुणा आला तर वेलची किंवा जायफळ. पात आणि ठेचलेलं आलं आधी पाण्यात चांगलं उकळायचं, दूध मागाहून. नाहीतर आल्यानं दूध फाटतं. हे सारं बाई आईकडून, सासूकडून शिकते. हे ज्ञानच आहे, पण त्याला ज्ञान कुणी म्हणत नाही.

गावोगावच्या बैठकांत मी एक प्रश्न आवर्जून विचारते: तुमच्या घरी कुणाच्या कपात काय असतं? आधी हशा पिकतो. मग उत्तरं येतात. दुधाचा पहिला चहा नवऱ्याला, सासऱ्यांना, मुलाला. स्वतःसाठी त्याच चोथ्यात पाणी घालून पुन्हा उकळलेला कोरा चहा. त्याला वास यावा म्हणून दोन पाती. म्हणजे ज्या सुगंधाचं आपण कौतुक करतो, तोच बाईच्या कपातली दुधाची उणीव झाकतो! पहाटे मासळी घेऊन बाजार गाठणारी कोळीण किंवा वीटभट्टीवर राबणारी कातकरी बाई अशा गोड कोऱ्या चहावर दुपारपर्यंत काढते. चहानं भूक मरते, भागत नाही.

याची किंमत शरीर मोजतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. त्याला कारणं अनेक. अपुरं अन्न हे त्यातलं मोठं. पण चहातली तुरट द्रव्यं भाजी-भाकरीतलं लोह अंगी लागू देत नाहीत, हेही खरं. उपकेंद्रातून मिळालेली लोहाची गोळी चहाच्या घोटाबरोबर गिळली, तर तिचाही गुण कमी होतो. जेवण किंवा गोळी आणि चहा यांत किमान तासाभराचं अंतर हवं. जेवताना लिंबू पिळलं, आवळा खाल्ला, तर लोह अधिक शोषलं जातं. ही माहिती गोळीच्या पाकिटाबरोबरच बायकांच्या हाती पडायला हवी.

पण केवळ माहितीनं काम भागणार नाही. २०२४च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्याला रोज सरासरी २८९ मिनिटं देतात, घरकाम करणारे पुरुष ८८. ‘जरा चहा टाक’ या तीन शब्दांत बाईचं हातातलं काम सुटतं, बसणं मोडतं. पाणी उकळायला पुरुषपण आड येत नाही, सवय येते.

म्हणून मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत चहाचा हिशेब मांडा. घरात दूध किती येतं, कुणाला मिळतं, चहा कोण करतं, सकाळी बाईच्या पोटात काय जातं? दूध थोडं असेल तर ते सगळ्यांच्या कपांत सारखं वाटा. गवती चहा जरूर घाला, पण चवीसाठी; आपल्या वाट्याचं दूध झाकण्यासाठी नको.